मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि दात्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. विद्या आचार्य यांनी मे १९९४ मधील भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या स्थितीचा आढावा त्याच रुग्णालयाशी संलग्न असलेल्या पदव्युत्तर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९९४ मध्ये, मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या दोन घटना इतक्या लागून याव्यात हा केवळ योगायोग नव्हे. तोपर्यंत या देशातील शल्यविशारदांना मूत्रपिंड बसविण्याचे तंत्र अवगत होऊन दोन दशके उलटली होती. डायलिसिसची यंत्रे मोठ्या शहरांत आली होती. शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठीची औषधे बाजारात उपलब्ध होती. बसविण्यासाठीचे मूत्रपिंड आणावयाचे कोणाकडून, हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा इतिहास सामान्यतः शस्त्रक्रियांचा आणि औषधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पहिली शस्त्रक्रिया कोठे झाली, कोणी केली, रुग्ण किती दिवस जगला, असा त्याचा क्रम असतो. भारतापुरता आणि विशेषतः महाराष्ट्रापुरता विचार केल्यास हा क्रम अपुरा ठरतो. येथे या शाखेचा इतिहास घडविला तो दात्याच्या प्रश्नाने. दाता कोणास म्हणावे, तो कोणत्या नात्यातला असावा, त्याने स्वेच्छेने दिले हे कसे ठरवावे, आणि ज्याचे नातेवाईक देण्यास राजी असूनही रक्तगटामुळे देऊ शकत नाहीत त्याने काय करावे, या प्रश्नांची उत्तरे वैद्यकीय संशोधक, विधिमंडळ आणि कुटुंबसंस्था या तिघांनी मिळून शोधली. प्रस्तुत लेखात त्या शोधाचा मागोवा घेतला आहे.

शरीराचा नकार

१९३३ मध्ये युक्रेनमधील खेरसन येथे युरी व्होरोनॉय या शल्यविशारदाने मृत व्यक्तीचे मूत्रपिंड एका रुग्णाच्या शरीरात बसविले. ते चालले नाही व रुग्ण दोन दिवसांत दगावला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदरलँड्समधील विलेम कोल्फ यांनी रक्त शुद्ध करणारे यंत्र तयार केले आणि १९४५ मध्ये त्या यंत्रामुळे पहिला रुग्ण वाचला. याच सुमारास इंग्लंडमध्ये पीटर मेडावार हे भाजलेल्या रुग्णांवर त्वचारोपण करताना परक्याची त्वचा का टिकत नाही याचा अभ्यास करीत होते. शरीराची प्रतिकारयंत्रणा परक्या ऊतींना ओळखते आणि त्या नष्ट करते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एकाच्या शरीरातील मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या शरीरात बसविले व ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली. भाऊ एकरूप जुळे होते. म्हणून शरीराला परकेपणा जाणवलाच नाही. अशी जुळी भावंडे किती रुग्णांना असणार? १९६० नंतर अॅझाथायोप्रिन व स्टिरॉइड यांचा एकत्रित उपयोग सुरू झाला आणि सख्ख्या भावंडांचे, आईवडिलांचे, पुढे मृत व्यक्तीचेही मूत्रपिंड टिकू लागले. १९७८ मध्ये रॉय कॅल्न यांनी सायक्लोस्पोरिन हे औषध केंब्रिज येथे रुग्णांना दिले. १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. नातेसंबंध नसलेल्या दात्याचे मूत्रपिंडही आता चांगले चालू लागले. वैद्यकाच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होती. भारतात मात्र या प्रगतीने एक बाजार उभा केला.

परळ ते मुंबईचा मूत्रपिंड बाजार

परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. भारतीय डॉक्टरांनीच अध्यापन करावे असा त्यामागील राष्ट्रीय बाणा होता. याच रुग्णालयात मे १९६५ मध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णास बसविण्याचा देशातील पहिला प्रयत्न झाला. रुग्ण फार काळ जगला नाही. जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. त्यानंतर मुंबई, चंडीगढ, दिल्ली, मद्रास अशी केंद्रे उभी राहिली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. केईएममध्ये पहिला प्रयत्न मृत दात्यापासून झाला. वेल्लोरला यश मिळाले ते जिवंत दात्यापासून. पुढची पंचवीस वर्षे देशाने वेल्लोरचा मार्ग धरला. याचे कारण केवळ वैद्यकीय नव्हते. हृदय बंद पडल्यानंतर काढलेले मूत्रपिंड लवकर निकामी होते. हृदय चालू असताना परंतु मेंदू कायमचा मृत झाला असताना अवयव काढावयाचा तर मेंदूमृत्यू हा मृत्यूच होय असे कायद्याने म्हणावे लागते. भारतीय कायदा तसे म्हणत नव्हता. महाराष्ट्राने १९८२ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा स्वतंत्र राज्य कायदा केला, ही बाब या राज्याच्या दूरदृष्टीची निदर्शक आहे. तरी मेंदूमृत्यूची संकल्पना कायद्यात येईपर्यंत मृत दात्याचा मार्ग व्यवहारात जवळजवळ बंदच राहिला.

मग मागणी वळली ती जिवंत दात्यांकडे, आणि सायक्लोस्पोरिन आल्यावर नात्याचीही गरज उरली नाही. १९८० च्या दशकात मुंबई हे मूत्रपिंड विकत घेण्याचे आंतरराष्ट्रीय केंद्र बनले. आखाती देशांतील रुग्ण येथे येऊन पैसे मोजून मूत्रपिंड बसवून घेत व परत जात. संयुक्त अरब अमिराती व ओमान येथील डॉक्टरांनी १९८४ ते १९८८ या काळात मुंबईत येऊन गेलेल्या १३० रुग्णांचा पाठपुरावा केला आणि तो १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण मोठे होते, काहींना एचआयव्हीची लागण झाली होती. विकणाऱ्यांचे काय झाले याची नोंद त्या अभ्यासात नाही. ती कोणीच ठेवली नव्हती. गरजू माणूस शरीराचा अवयव विकतो आणि त्यानंतर कोणत्याही नोंदवहीत त्याचे नाव राहत नाही, हे त्या काळाचे खरे वास्तव होते. मूत्रपिंड विकणाऱ्याला कायद्याच्या भाषेत 'दाता'च म्हटले जाई, हा शब्दांचा दुरुपयोगही त्याच काळातला.

डॉ. आचार्य यांचा १९९४ मधील आढावा या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. त्या देशातील आरंभीच्या महिला मूत्रपिंडविकारतज्ज्ञांपैकी एक. सार्वजनिक रुग्णालयात काम करणाऱ्या संशोधकाला हा प्रश्न आकड्यांपुरता पाहता येत नाही. खाजगी रुग्णालयात जो रुग्ण मूत्रपिंड विकत घेऊ शकतो त्याच्याच शेजारी, महानगरपालिकेच्या रुग्णालयात, डायलिसिसच्या पाळीची वाट पाहणारा रुग्ण असतो. आणि मूत्रपिंड विकणारा बहुधा या दुसऱ्या रुग्णाच्याच वस्तीतला असतो.

कायद्याने आखलेले वर्तुळ

आरोग्य हा राज्यांच्या सूचीतील विषय असल्याने संसदेला असा कायदा करण्यासाठी दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांचा ठराव लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ अन्वये गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांनी तसे ठराव केले. म्हणून अधिनियमाच्या उद्देशिकेत या तीन राज्यांची नावे आहेत. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. बाजार ज्या राज्यात सर्वाधिक फोफावला त्याच राज्याने कायद्याची मागणी केली, ही गोष्ट इतिहासात पुरेशी नोंदविली गेलेली नाही.

या अधिनियमाने दोन गोष्टी केल्या. मेंदूमृत्यूस मान्यता दिली आणि जिवंत दात्यांच्या बाबतीत 'जवळचा नातेवाईक' ही कोटी निश्चित केली. पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ आणि बहीण एवढेच त्यात होते. इतर कोणी दाता असेल तर प्राधिकार समितीपुढे जाऊन दान हे आपुलकीपोटी किंवा अन्य विशेष कारणाने होत आहे, पैशासाठी नव्हे, हे पटवून द्यावे लागे.

'जवळचा नातेवाईक' या शब्दप्रयोगाचे मराठी कुटुंबाच्या संदर्भात थोडे परीक्षण करणे उचित ठरेल. मराठवाड्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबात अडीअडचणीला धावून येतो तो मामा, चुलता, साडू किंवा मेहुणा. लग्नकार्य, जमिनीचा व्यवहार, आजारपण यांत सासरची आणि माहेरची माणसे एकसारखी गुंतलेली असतात. कायद्याच्या यादीत यांपैकी कोणीही नव्हते. सून सासऱ्याला मूत्रपिंड देऊ इच्छित असेल तर तिला समितीपुढे उभे राहावे लागे. २०११ च्या दुरुस्तीने या यादीत आजी-आजोबा आणि नातवंडांची भर घातली. तरी मराठी नातेसंबंधांतील फार मोठा भाग बाहेरच राहिला. कायदा करणाऱ्यांनी बाजार रोखण्यासाठी वर्तुळ लहान आखले हे समजण्यासारखे आहे. मात्र त्यामुळे त्या वर्तुळातील एका व्यक्तीवर सगळा भार येऊन पडला. ती व्यक्ती बहुधा पत्नी किंवा आई असते. याकडे पुढे परत यावे लागेल.

वर्तुळ लहान असल्याचा दुसरा परिणाम जीवशास्त्रीय होता. पत्नी राजी आहे, तपासण्यांत तिची दोन्ही मूत्रपिंडे निरोगी आहेत, परंतु तिचा रक्तगट बी आणि पतीचा ए. अशा वेळी दान होऊ शकत नाही. ओ गटाचा दाता कोणालाही देऊ शकतो, पण ओ गटाचा रुग्ण फक्त ओ गटाकडूनच घेऊ शकतो. रक्तगट जुळूनही अडथळा येऊ शकतो. पूर्वी घेतलेल्या रक्तामुळे किंवा स्त्री रुग्णांच्या बाबतीत गर्भारपणामुळे शरीरात विशिष्ट प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात. दात्याच्या पेशींशी ती प्रतिक्रिया देतात हे क्रॉसमॅच चाचणीत दिसून येते आणि त्या दात्याचा नाद सोडावा लागतो. ज्या स्त्रीने चार मुले वाढविली तिला स्वतःच्या नवऱ्याचे किंवा मुलाचेच मूत्रपिंड चालत नाही, असे त्यामुळे घडते. एकच राजी नातेवाईक असलेल्या कुटुंबाचा मार्ग येथे संपत असे.

साटेलोटे

या कोंडीवरचा उपाय प्रथम कागदावर मांडला तो फेलिक्स रापापोर्ट यांनी, १९८६ मध्ये. ज्यांचे दाते त्यांना चालत नाहीत अशा दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करावी, असे त्यांनी सुचविले. १९९१ मध्ये दक्षिण कोरियात अशी पहिली अदलाबदल प्रत्यक्षात आली. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये व २००० मध्ये अमेरिकेत ती झाली. अनेक जोड्यांतून योग्य जुळणी कशी शोधावी याचे गणित आल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडले. रॉथ यांना २०१२ मध्ये मिळालेल्या अर्थशास्त्राच्या नोबेल स्मृती पारितोषिकात या कामाचाही वाटा होता. मूत्रपिंडाच्या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञाने काम करावे हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण येथे टंचाई होती ती वस्तूची नव्हे, जुळणीची. आणि पैशाचा व्यवहार निषिद्ध असताना देवाणघेवाण कशी घडवावी हा अर्थशास्त्राचा जुनाच प्रश्न आहे.

भारतात या कामाचे केंद्र बनले अहमदाबाद. कॅनडातून १९७७ मध्ये परत आलेले डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनी तेथे मूत्रपिंडविकार संस्था व संशोधन केंद्र उभे केले. सामान्य माणसाला परवडेल अशा खर्चात प्रत्यारोपण व्हावे हा त्यांचा ध्यास होता. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. याच संस्थेतील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. विवेक कुटे यांनी जोड्यांच्या अदलाबदलीचा प्रश्न आपल्या संशोधनाचा मुख्य विषय केला. २०१३ च्या जागतिक मूत्रपिंड दिनी या संस्थेत अदलाबदलीच्या दहा प्रत्यारोपण शस्त्रक्रिया झाल्या व त्याचा अहवाल त्यांनी व सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये त्यांनी २००० ते २०१६ या काळातील या एकाच संस्थेच्या अनुभवाचा अभ्यास मांडला. त्यात अदलाबदलीने मूत्रपिंड मिळालेल्या ३०० रुग्णांची माहिती आहे. यांपैकी २२२ जणांचा दात्याशी रक्तगट जुळत नव्हता, ५९ जणांची क्रॉसमॅच चाचणी प्रतिकूल आली होती आणि १९ जणांनी अधिक चांगल्या जुळणीसाठी अदलाबदल स्वीकारली.

या शेवटच्या १९ जणांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. त्यांचा दाता त्यांना चालत होता. तरीही ते अदलाबदलीत आले, त्यामुळे न जुळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या जोडीचा मार्ग मोकळा झाला. अदलाबदलीचे गणित असे की ए रुग्ण व बी दाता ही जोडी आणि बी रुग्ण व ए दाता ही जोडी समोरासमोर आली की दोघांचेही काम होते. भारतात बी गटाचे प्रमाण युरोपपेक्षा बरेच अधिक असल्याने अशा जोड्या येथे सहज भेटतात. पण ओ गटाच्या रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. ओ गटाचा दाता आपल्या रुग्णाला थेटच देऊ शकतो, म्हणून तो अदलाबदलीच्या यादीत येतच नाही. यादीत उरतात ते ओ गटाचे रुग्ण. जुळणाऱ्या जोड्यांनी स्वतःहून यादीत नाव घातले तरच ही कोंडी फुटते. डॉ. कुटे यांच्या लेखनात हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो.

पाश्चात्त्य देशांत रक्तगट न जुळणारे प्रत्यारोपण विशेष औषधे व रक्तातील प्रतिद्रव्ये काढून टाकण्याची प्रक्रिया यांच्या साहाय्याने केले जाते. तो मार्ग भारतातही आहे. पण त्याचा खर्च मोठा आणि जंतुसंसर्गाचा धोका अधिक. अदलाबदलीत औषधांचा खर्च नेहमीइतकाच राहतो. मर्यादित साधने असलेल्या देशासाठी हाच मार्ग योग्य, हे अहमदाबादच्या संशोधनाचे प्रतिपादन आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. मुंबईतही खाजगी पुढाकारातून अदलाबदलीची नोंदवही सुरू झाली व जून २०१३ मध्ये तेथे पाच जोड्यांची साखळी यशस्वी झाली.

कायदा मात्र मागून आला. १९९४ च्या अधिनियमात अदलाबदलीचा शब्दही नव्हता. अहमदाबादमधील आरंभीची प्रत्यारोपणे प्राधिकार समितीने प्रत्येक प्रकरणात अनुमती दिल्यावर होत. परक्या कुटुंबातील दाता हा कायद्याच्या दृष्टीने नातेवाईक नसलेला दाताच ठरत असे. २०११ च्या दुरुस्तीने अदलाबदलीस स्पष्ट मान्यता दिली, पण दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक असावेत ही अट ठेवून. ही दुरुस्ती १० जानेवारी २०१४ पासून अमलात आली. संशोधकांनी आधी करून दाखविले आणि मग विधिमंडळाने त्यास नाव दिले, असा हा क्रम आहे.

आणखी एका बाबतीत अहमदाबादच्या कामाने रूढ पद्धतीला छेद दिला. अदलाबदलीतील सर्व शस्त्रक्रिया एकाच वेळी कराव्यात असा जगभरचा संकेत आहे. एका रुग्णाला मूत्रपिंड मिळाल्यावर त्याच्या दात्याने माघार घेऊ नये, हे त्याचे कारण. दोन जोड्या म्हणजे चार शस्त्रक्रिया. तीन जोड्या म्हणजे सहा. इतकी शस्त्रक्रियागृहे आणि इतके शल्यविशारद एकाच दिवशी उपलब्ध असणारी रुग्णालये या देशात थोडीच आहेत. म्हणून डॉ. कुटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या दिवशी केलेल्या अदलाबदलीच्या साखळ्यांचा अभ्यास करून तो २०२१ मध्ये मांडला. एकमेकांना न ओळखणाऱ्या कुटुंबांनी दिलेला शब्द शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही पाळावा यावर ही पद्धत उभी आहे. कोविड साथीत, २०२० मध्ये, प्रत्यारोपण झालेल्या २५० रुग्णांचा देशातील अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यासही त्यांच्याच पुढाकाराने प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण ११.६ टक्के आढळले.

मराठी समाजाला दोन कुटुंबांतील अशा अदलाबदलीसाठी शब्द शोधावा लागत नाही. साटेलोटे हा शब्द त्याच्या परिचयाचा आहे. आपली मुलगी त्यांच्या घरी द्यायची आणि त्यांची मुलगी आपल्या घरी आणायची, ही विवाहाची पद्धत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ प्रचलित होती. हुंडा टळतो, दोन्ही घरे एकमेकांना बांधली जातात, एकीकडे काही बिनसले की दुसरीकडेही बिनसते. वैद्यकातील अदलाबदल आणि हे साटेलोटे यांत वरवरचे साम्य आहे असे वाटेल. परंतु एक साम्य खोल आहे. साट्यालोट्याच्या विवाहात देवाणघेवाण होते ती स्त्रियांची. मूत्रपिंडाच्या अदलाबदलीतही बहुतेक वेळा दोन पुरुषांना दोन स्त्रिया मूत्रपिंड देतात. एकीचे मूत्रपिंड दुसरीच्या नवऱ्याला जाते, दुसरीचे पहिलीच्या नवऱ्याला.

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या काळात देशातील ५६,५०९ जिवंत अवयवदात्यांपैकी ३६,०३८ स्त्रिया होत्या. जिवंत दात्यांकडून अवयव मिळालेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मात्र साधारण ३० टक्के. या आकड्यांत यकृतदानही समाविष्ट आहे, तरी मोठा भाग मूत्रपिंडाचाच. यामागे वैद्यकीय कारणे काही प्रमाणात आहेत. पुरुष दाते रक्तदाब, मधुमेह किंवा व्यसनांमुळे तपासणीत बाद होतात. स्त्री रुग्णांना प्रतिद्रव्यांमुळे जुळणी कठीण जाते. पण इतका मोठा फरक एवढ्याने स्पष्ट होत नाही. घरात कमावता पुरुष आजारी पडला तर कोणी द्यावयाचे हे बोलून ठरत नाही. स्त्री आजारी पडली तर बोलणी सुरू होतात. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होते असे दिसते. २०१४ च्या नियमांत अशी तरतूद आहे की दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून पडताळून पाहावी. कायद्याच्या कोरड्या भाषेत इतकी मानवी शंका क्वचित आढळते. मात्र पडताळून पाहणारी ती अन्य व्यक्ती बहुधा त्याच घरातली असते.

अदलाबदलीचे संशोधन पुढे गेल्यास जिवंत दात्यांची संख्या वाढेल. म्हणजेच, आजची प्रवृत्ती तशीच राहिली तर, देणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढेल. अदलाबदलीचे समर्थन करणाऱ्या बहुतेक लेखनात हा मुद्दा दुय्यम राहतो, आणि हा या लेखनाचा दोष मानावा लागेल. या भाराला खरा पर्याय एकच आहे व तो १९६५ मध्ये केईएममध्ये चाचपून पाहिलेला, म्हणजे मृत दात्याचा. २०१३ मध्ये देशात सर्व अवयवांची मिळून ४,९९० प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ती १८,३७८ झाली. पण २०२३ मध्ये संपूर्ण देशात मृत दाते होते केवळ १,०९९.

मराठवाड्यातून पाहताना

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावातून हा सगळा इतिहास पाहिला तर त्याचे प्रमाण बदलते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिस लागते. तीन वेळा धरल्यास वर्षाला १५६ खेपा होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, चार तास यंत्राला जोडून घ्यायचे आणि थकून परत यायचे. सोबत येणाऱ्याचाही दिवस जातो. शेतमजुराच्या कुटुंबात सोबत्याची बुडालेली मजुरी हाच उपचाराचा मोठा खर्च ठरतो आणि तो कोणत्याही योजनेच्या देयकात दिसत नाही.

प्रत्यारोपणाच्या खर्चाचा प्रश्न राज्य शासनाने काही प्रमाणात हाताळला. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये सर्व राज्यात लागू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत प्रति कुटुंब दीड लाख रुपयांची मर्यादा होती, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मात्र ती अडीच लाख होती. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर घ्यावयाच्या औषधांचा प्रश्न यातून पूर्णपणे सुटत नाही, आणि औषध चुकले की बसविलेले मूत्रपिंड जाते.

मृत दात्याच्या अवयवांचे वाटप करण्यासाठी राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. मुंबईचे केंद्र २००० च्या सुमारास सुरू झाले. मराठवाड्यातील मेंदूमृत दात्याकडून पहिले अवयवदान औरंगाबादेत झाले ते जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे अधिनियम राज्यात लागू झाल्यानंतर जवळजवळ एकवीस वर्षांनी. या एकवीस वर्षांत मराठवाड्यातील ज्या रुग्णाला नात्यात जुळणारा दाता नव्हता त्याला मुंबई किंवा पुण्याच्या यादीत नाव घालावे लागे. तिकडे भाड्याने खोली घेऊन राहणे ज्याला शक्य त्यालाच ते जमे.

आजही अदलाबदलीच्या नोंदवह्या मुख्यतः संस्थांच्या किंवा शहरांच्या आहेत. २०२५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने देशभरासाठी एकच अदलाबदल व्यवस्था राबविण्याविषयी राज्यांना कळविले. जोड्यांची यादी जितकी मोठी तितकी जुळणी अधिक, हे रॉथ यांचे गणित येथेही लागू पडते; परभणी किंवा हिंगोलीच्या जोडीला अहमदाबादची किंवा मुंबईची जोडी भेटावयाची तर नोंदवही एकच असावी लागते. त्यातही ओ गटाचा रुग्ण मागेच राहील. त्याची पत्नी ए किंवा बी गटाची असेल, तिने कितीही ठामपणे संमती दिली तरी तिचे मूत्रपिंड घेऊन त्याबदल्यात ओ गटाचे देणारी जोडी यादीत क्वचितच येते. अशा रुग्णाची सारी भिस्त विभागीय केंद्रातील मृत दात्यांच्या यादीवर, आणि मराठवाड्यात ती यादी पुढे सरकू लागली ती २०१६ पासून.